खंडेनवमीची पाहणी

डोंबिवली पूर्वेच्या त्या पतसंस्थेत शालनला सगळे पाठीमागे 'मीटरवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. कर्ज मागणाऱ्याचं दुकान असो, पिठाची गिरणी असो की मानपाड्याच्या एमआयडीसीतला कारखाना असो, पाहणीला गेली की ही बाई आधी विजेचा मीटर कुठे आहे ते विचारणार. मालक बिचारा खुर्ची पुढे करतोय, पंखा लावतोय, चहा मागवतोय, आणि ही चष्मा कपाळावर चढवून मीटरचे आकडे वहीत उतरवून घेतेय. माणूस गोड बोलेल, कागद हवे तसे करून आणेल, पण महिनाभरात किती वीज जाळली ते मीटर कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही, असं तिचं म्हणणं. चोवीस वर्षांत तिने पाहणी केलेलं एकही कर्ज बुडालं नव्हतं. याची तिला ऐट होती, आणि का नसावी?

एकही म्हणजे, एक सोडून. आणि हे सगळं पुराण त्या एकापायीच सांगायचं आहे.

शालनचं माहेर कळव्याचं. वडील संगमेश्वराकडून आलेले, बारा बाय दहाच्या खोलीत चार पोरं वाढवली. लग्न होऊन ती डोंबिवलीला आली, आणि एकतिसाव्या वर्षी नवरा सुदेश गेला तेव्हा कडेवर चार वर्षांची सान्वी आणि हातात बी.कॉम.चा कागद, एवढंच तिच्याकडे होतं. पतसंस्थेचे अध्यक्ष तानाजीशेठ तिला नीट ओळखतही नव्हते. ते मूळचे इथलेच. त्यांच्या बापाची भाताची खाचरं एमआयडीसीत गेली. दहाव्याला आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "रडून झालं का ये. एक टेबल रिकामं हाय." तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी शालन त्या टेबलाशी जाऊन बसली. तानाजीशेठचं नाव निघालं की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. हे उपकार तिने कधी बोलून दाखवले नाहीत आणि कधी विसरलीही नाही.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीची.

हर्षित नावाच्या माणसाचा मानपाड्याला प्लास्टिकच्या बाटल्यांचा कारखाना होता. चाळिशीचा, बोलायला मिठ्ठास, भेटला की वाकून नमस्कार. त्याची बायको रुपाली कल्याणला नवा धंदा काढणार होती आणि तिच्या नावावर मोठं कर्ज हवं होतं. तारण मात्र रुपालीचं काहीच नाही. तारण होतं हर्षितच्या कंपनीची जागा आणि मशिनं. आता कर्ज बायकोला आणि गहाण कंपनीचं, हे कसं, असं कुणीही विचारील. शालननेही विचारलं. हर्षित हसला. "मॅडम, दोन्ही घरचंच की हो." तानाजीशेठना वाटत होतं की दसऱ्याला चेक दिला की शुभ. "उद्याच जाऊन बघून ये," ते तिला म्हणाले. "पूजा पन हाय त्यांच्यात. प्रसाद घेऊन ये."

आणि इथेच सगळं फसलं बघा. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत कारखाना चालू आहे की बंद हे जर कुठल्या दिवशी कळणार नसेल, तर तो खंडेनवमीचा. त्या दिवशी अख्ख्या एमआयडीसीत मशिनं धुऊनपुसून, हार घालून पूजेला मांडतात. सगळीकडेच सामसूम. त्या सामसुमीचं कुणाला काय वाटणार? बाहेरगावचा साहेब असता तर म्हणाला असता, चार दिवसांनी येतो. इथल्या माणसाला मात्र आमंत्रण आलेलं, मग पूजेला नाही कसं म्हणायचं?

अकराच्या सुमाराला शालन पोचली. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, दारात रांगोळी, आत पाच मशिनांना झेंडूचे जाडजूड हार. बारा कामगार बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने उभ्या होत्या. "पहाटेपर्यंत चालू होतं हो सगळं," हर्षित सांगत होता. "ऑर्डरच एवढी आहे. आंघोळीला तेवढा घरी गेलो." आरती झाली. मग त्याने कुंकवाची कुयरी तिच्यापुढे धरली. "मॅडम, पहिला मान तुमचा."

शालनने मशिनाला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि नमस्कार करायला उजवा हात मशिनावर टेकवला.

मशीन गार होतं. प्लास्टिक वितळवणारं मशीन ते. पहाटे बंद केलं तर दुपारपर्यंत त्याच्या अंगात ऊब राहते, हे बावीस वर्षं कारखाने हिंडलेल्या बाईला कुणी सांगायला नको. हे तर विहिरीच्या काठासारखं गार. आणि मग तिच्या ध्यानात आलं की नाकाला नुसता फिनेल आणि उदबत्तीचा वास येतोय. जळक्या प्लास्टिकचा वास, जो अशा कारखान्याच्या भिंतींनाही लागलेला असतो, तो नावालाही नव्हता.

तिने हात पटकन मागे घेतला. शेजारी पूजेचं ताट घेऊन एक बाई उभी होती, काळीसावळी, काटक, कपाळभर कुंकू. केशरबाई म्हणून कुणीतरी तिला हाक मारली होती. ती शालनच्या हाताकडे बघत होती. मग तिने शालनच्या डोळ्यांत बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, ओठ हललेसुद्धा. शालनने मान वळवली आणि प्रसादाचा द्रोण घेतला.

मीटर मागच्या बाजूला कुलपात होता. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन पूजेला गावी गेलेला, असं हर्षित म्हणाला. एरवी शालनने कुलूप तोडायला लावलं असतं. पण घरी नणंद जेवायला यायची होती, कणीक भिजवून ठेवलेली, आणि उद्या दसऱ्याला चेक द्यायचा म्हणून शेठ खूश होते. "राहू दे," ती म्हणाली. घरी जाऊन तिने अहवाल लिहिला. कारखाना चालू स्थितीत. आज खंडेनवमीनिमित्त यंत्रे बंद. मीटरचा रकाना बावीस वर्षांत पहिल्यांदा कोरा राहिला.

पुढचं काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. रुपालीच्या नव्या धंद्याच्या खात्यातून पैसा आठ दिवसांत निघून गेला, कुठे ते देव जाणे. दहा महिन्यांनी हर्षितची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नवराबायको घराला कुलूप लावून पसार झाले. कंपनी मोडीत काढायला सरकारी कायद्याने एक अधिकारी नेमला गेला. त्याने कागद चाळले आणि न्यायाधिकरणात अर्ज टाकला. त्याचं म्हणणं असं, की कंपनी बुडत होती हे ठाऊक असताना मालकाने घेणेकऱ्यांना बुडवायला तिची जागा बायकोच्या कर्जापायी गहाण टाकली. कंपनीला त्यातून दमडी मिळाली नाही. सबब हे गहाणच रद्द करा. गहाण राहिलं तर जागा विकून येईल तो पैसा आधी पतसंस्थेचा. रद्द झालं तर तो सगळ्या घेणेकऱ्यांत वाटला जाणार, आणि त्यांत पहिल्या रांगेत होत्या कारखान्यातल्या बायका, त्यांचे थकलेले पगार घेऊन.

त्या अर्जाची नोटीस पतसंस्थेत आली त्याच्याही कितीतरी आधीपासून शालनचं बिनसलं होतं. एमआयडीसीच्या जवळ राहणाऱ्यांना मशिनांची घरघर अंगवळणी पडलेली असते. शुक्रवारी तिथे सुट्टी, घरघर थांबते. हे पूर्वी तिच्या लक्षातही येत नसे. आता शुक्रवार उजाडला की ती शांतता खिडकीतून घरात येऊन बसायची. शालनला ती सोसायची नाही. ती मिक्सरमध्ये उगाच वाटीभर पाणी घालून तो फिरवत राहायची. दुसरं म्हणजे हात. फ्रीजची मागची बाजू, टीव्हीची पाठ, इस्त्री, येता जाता ती हात टेकवून बघायची, गरम आहे ना. सान्वीने आधी थट्टा केली. मग एकदा आईला गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या कुकरला तळहात लावून उभी असलेली बघितलं आणि थट्टा बंद झाली. हाताला फोड आला होता. "अगं, भाजत नव्हतं का तुला?" सान्वीने विचारलं. शालन म्हणाली, "उशिरा कळलं."

आणि ती बाई. मानपाडा रोडला भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही कपाळभर कुंकू दिसलं की शालन जागीच थबकायची. जवळ जाऊन बघावं तर दुसरीच कुणी. हाताला लागलेला गारवा कुणाला दिसत नाही हो, तो मनातल्या मनात जिरून जातो. पण केशरबाईने पाहिलं होतं. ज्या एका माणसाने आपल्याला कळताना पाहिलं, ते माणूस कुठेतरी हिंडतंय, हे शालनच्या मानगुटीवर बसलं होतं.

पतसंस्थेची वकील विनिता, ठाण्याची. वयाने सान्वीहून चारपाच वर्षं मोठी असेल, पण डोकं लख्ख. तिने शालनला आणि तानाजीशेठना बोलावून घेतलं.

"आपला सगळा बचाव एका गोष्टीवर उभा आहे," विनिता म्हणाली. "सद्भावना. आपण खरे पैसे दिले आणि ते देताना कंपनी बुडतेय हे आपल्याला ठाऊक नव्हतं. नुसतं ठाऊक नव्हतं म्हणूनही भागत नाही. शंका यावी असं काही समोर होतं का, आणि असेल तर आपण विचारपूस केली का, हेही बघतात. समोरचे म्हणतात, कारखाना गणपतीपासूनच बंद होता. तुमच्या पाहणीने सगळं ठरणार आहे, मॅडम."

मग तिने अहवालांचा गठ्ठा पुढे ओढला. "त्यांनी तुमचे जुने अहवालही मागवलेत. प्रत्येकात मीटरचे आकडे आहेत. ह्या एकात नाहीत. का?"

"कुलूप होतं," शालन म्हणाली.

"ठीक. आणि बाकी काही खटकलं नव्हतं ना?"

तानाजीशेठ तिच्याकडे बघत होते. म्हातारा थकला होता. शालनच्या इमारतीतल्या शकूने नवऱ्याच्या फंडाचे पैसे ह्याच पतसंस्थेत ठेवले होते, तेही शालनच्या शब्दावर. अशी पंधरावीस घरं तरी असतील.

"नाही," शालन म्हणाली.

"मग तसं प्रतिज्ञापत्र करू. आणि एक करा. तिथल्या एखाद्या बाईला गाठा. मालकाने आम्हाला नाटक करायला लावलं, बघणारा कुणीही फसला असता, एवढं जर ती बोलली ना, तर आपलं गहाण कुणी हलवू शकत नाही."

"तू जा," तानाजीशेठ म्हणाले. "बायामानसाशी तूच बोल. मना ते नाय जमायचं."

शालन निघाली खरी, पण वकिलाच्या कामासाठी नव्हे. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. केशरबाई काय सांगणार? ती जर म्हणाली, 'ह्या बाईला सगळं कळलं होतं, मी बघितलंय,' तर पतसंस्था गेली, शेठची अब्रू गेली, शकूसारख्यांचे पैसे लटकले, आणि चोवीस वर्षांची नोकरी मातीत. दोन वर्षं मनात जे हिंडत होतं त्याच्या दारात ती स्वतःच्या पायांनी चालली होती.

केशरबाई विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडच्या चाळीत राहायची. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून पँटींचे ढीग येतात, त्यांचे लोंबते धागे कापायचे, नगावर पैसे, असं काम तिने आता धरलं होतं. दार उघडंच होतं. निळ्या पँटींच्या ढिगात ती कात्री घेऊन बसली होती. शालनला बघितलं आणि तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"आलासा," केशरबाई म्हणाली. "कधीतरी येणार, वाटतच हुतं."

शालन उंबऱ्यातच थांबली. केशरबाईने ढीग बाजूला सारून जागा केली, पाणी दिलं. मग तिच्या समोर बसली आणि एकदम शालनच्या पायांना हात लावला.

"बाई, माफी करा. तुमचं आमी लई वाटुळं केलं."

शालनला काही उमगेना. केशरबाई भडाभडा बोलत सुटली. गणपतीत मालकाने काम बंद केलं, तीन महिन्यांचे पगार बुडवले. मग नवरात्रात निरोप धाडला, की बारा जणींनी ठेवणीतल्या साड्या नेसून या, कारखाना धुऊन काढा, बँकेची बाई येणार आहे, कर्ज मिळालं की पगार चुकते करतो. "दोन दिस घासत हुतो. फिनेलानं हात सोलून निघालं. तुमी आलासा, देवावानी कुंकू लावलंसा, आमी आपल्या गप. तुमाला फशिवलं बाई आमी. नोकरी गेली आसंल तुमची, ह्यो घोर मला दोन वरसं हाय. रातीला डोळ्याला डोळा लागत न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "कोर्टात यायचं आसंल तर येती मी. सांगती छातीला हात लावून, ह्या बाईचा काय बी दोष न्हाई. आमी नाटक केलं. तिला काय ठावं?"

घ्या. जे विनिताला हवं होतं ते न मागता ओंजळीत पडलं. एक शब्द खोटा नाही. केशरबाईच्या बाजूने बघाल तर ते शंभर टक्के खरं होतं. शालनने नुसती मान हलवली असती, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवली असती, तर सगळे सुटले असते, शेठ, शकू, ती स्वतः. आणि ह्या बाईला कळलंही नसतं की आपल्याच जबानीने आपला पगार बुडाला.

शालनला भयंकर राग आला. कुणाचा, ते तिलाच कळेना. दोन वर्षं जिला घाबरत होतो ती आपल्यालाच घाबरत होती!

"केशरबाई, तुम्ही तसं सांगू नका," ती म्हणाली. "तसं सांगितलं तर जागेचे पैसे आमच्या संस्थेला जातील. तुम्हा बारा जणींना काही मिळणार नाही."

"आसूं दे. पाप तरी फिटंल."

"पाप तुमचं नाही हो." शालनने तिचे दोन्ही हात धरले. "मला कळलं होतं. मशिनाला हात लावला तेव्हाच कळलं. तुम्ही बघत होतात की माझ्याकडे."

केशरबाईने हात सोडवून घेतले. "मला वाटलं, मशिनाचं तेल लागलं हाताला," ती हळूच म्हणाली. बाहेर कुणीतरी नळाच्या पाण्यावरून भांडत होतं.

"कळल्यालं, तर इचारलं का न्हाई?"

हा प्रश्न शालनने स्वतःला कितीदा तरी घातला होता, आणि दर वेळी नणंदेचं, शेठचं, दसऱ्याचं नाव पुढे केलं होतं. ह्या बाईपुढे त्यातलं एकही नाव जिभेवर येईना.

"विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं," ती म्हणाली.

केशरबाईने मान डोलावली. रागावली नाही, ओरडली नाही. तिने ओरडायला हवं होतं. पडलेली कात्री उचलली, एक पँट मांडीवर ओढली आणि धागा शोधत म्हणाली, "मालकानं आमाला देवाम्होरं शपथ घातल्याली, त्वांड उघडायचं न्हाई म्हणून. पर आदल्या दिशी आमी बारा जणी बसून ठरीवलं हुतं. आपण हून सांगायचं न्हाई. पर त्या बाईनं इचारलंच, तर खोटं बोलायचं न्हाई. मग पगार बुडला तरी बुडू दे." कात्री चालली, धागा तुटला. "आरतीला सगळ्या तुमच्याच तोंडाकडं बघत हुतो, बाई. आता इचारंल, मग इचारंल."

दुसऱ्या दिवशी शालनने विनिताच्या कचेरीत बसून स्वतःच्या हाताने दीड पान लिहिलं. गार मशीन, न आलेला वास, कोरा रकाना, सगळं. विनिताने ते दोनदा वाचलं. "मॅडम, हे मी दाखल करायचं म्हणजे आपण हरलो. आणि तुमच्यावर चौकशी बसेल, निवृत्तीला तीन वर्षं असताना." शालन म्हणाली, "बसू दे."

तानाजीशेठ कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. त्यांनी ते पान हातात घेतलं नाही, वाचूनही घेतलं नाही.

"आदल्या दिवशी मी तुला सांगितलं व्हतं, प्रसाद घेऊन ये," ते म्हणाले. "येऊन म्हणाली असतीस, शेठ, हे कर्ज देऊ नका, तर मी दिलं असतं का गं?"

चोवीस वर्षांत शालनने त्यांना कधी 'नको' म्हणून बघितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी काय केलं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. ते तिने कधी विचारलंच नव्हतं.